फिल्टर अचानक जोरात चालायला लागला : रतनगड ते हरिश्चंद्रगड, एका ट्रेकमधल्या पाण्याचं प्रकरण

डिसेंबरात आम्ही आठ जणांनी रतनगड ते हरिश्चंद्रगड हा रेंज ट्रेक केला, चार दिवस तीन मुक्काम, आणि घरी आल्यावर नवव्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत एकेक करत आमच्यातले तिघं पोटाने आडवे झाले. त्या तिघांत मी होतो. ट्रेकला जाऊन पोट बिघडणं यात नवीन काही नाही, ओढ्याचं पाणी तसंच प्यायलं की कधीतरी होतंच, पण आम्ही तसं प्यायलोच नव्हतो. वाटेत भरलेल्या पाण्यातला थेंब न थेंब फिल्टरमधून गेलेला होता, चांगल्यापैकी महाग फिल्टर, माझा स्वतःचा, आणि म्हणूनच हे सगळं नीट लिहून ठेवतोय, कारण बॅगेत फिल्टर आहे म्हणून निर्धास्त असणारे आपल्यात खूप जण आहेत.

रूट बहुतेकांना माहीत असेल. रतनवाडीत अमृतेश्वराचं दर्शन घेऊन प्रवरेच्या कडेकडेने वर, शिड्या चढून रतनगड, पहिला मुक्काम गुहेत. दुसऱ्या दिवशी कात्राबाईची खिंड पार करून कुमशेत, गावात एका घरी मुक्काम. तिसऱ्या दिवशी पाचनईहून हरिश्चंद्रगड, रात्री वर, चौथ्या दिवशी परत पाचनईला उतरून गाडी. डिसेंबरात ओढे अगदी आटलेले नसतात, बारीक धार असते आणि मधेमधे डोह साठलेले असतात, त्यामुळे पाण्याची चिंता अशी नव्हती. रतनगडावर टाक्याचं पाणी घेतलं, थंडगार आणि काचेसारखं. कात्राबाई उतरल्यावर मात्र उन्हाने सगळ्यांच्या बाटल्या संपल्या आणि कुमशेतच्या अलीकडे एका डोहातून भरून घेतलं. त्या डोहात थोडं वरच्या अंगाला दोन म्हशी निवांत बसलेल्या होत्या, काठावर शेण पडलेलं होतं, हे मला आजही डोळ्यासमोर दिसतं. तेव्हा मी म्हणालो होतो, "काही नाही रे, फिल्टर आहे ना." हरिश्चंद्रगडावर देवळाजवळच्या टाक्यातून घेतलं, आणि तो शनिवार होता, वर किती गर्दी असते ते ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

आता कोण कुठलं पाणी प्यायलं ते सांगतो, कारण पूर्ण प्रकरण तिथेच सुटतं. मी, माझा चुलत भाऊ, ऑफिसमधला एक मित्र आणि त्याची बायको, आम्ही चौघं माझ्या फिल्टरवर होतो. हा पिशवी पिळून चालवायचा फिल्टर, कच्चं पाणी पिशवीत भरायचं, वर फिल्टर फिरवून बसवायचा आणि पिशवी दाबायची. कॉलेजातली दोन मुलं होती, त्यांच्याकडे महिन्यापूर्वीच घेतलेली फिल्टरची बाटली होती, ती दोघं त्यातूनच प्यायची. एक ताई होत्या, शाळेत शिकवतात, त्या पाणी चौपदरी पंचातून गाळून त्यात क्लोरीनची गोळी टाकायच्या आणि घड्याळ लावून एक तास थांबायच्या, तहान लागली तरी थांबायच्या. आणि आठवे आमचे मामा, वय एकसष्ट, त्यांचा नियम एकच, उकळल्याशिवाय पाणी नाही. रोज संध्याकाळी स्वतःच्या छोट्या बर्नरवर दोन लिटर खळखळ उकळून थर्मास आणि बाटली भरून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्यावर भागवायचे, कमी पडलं तर वाटेत थांबून परत उकळायचे. जेवण सगळ्यांचं एकच. कुमशेतच्या मावशींनी केलेली नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, गडावरची खिचडी, सगळे एकाच पातेल्यातून जेवलो. मावशींच्या हंड्यातलं पाणीसुद्धा मामा सोडून सगळे प्यायले.

आजारी पडलो ते तिघंही माझ्या फिल्टरवरचे. चुलत भाऊ एकटा सुटला. बाकीच्या चौघांना काहीच झालं नाही.

पण हे एवढं सरळ आम्हाला कळायला महिना गेला. त्याचं मुख्य कारण म्हणजे मधला वेळ. पोटात गेलेल्या बॅक्टेरियाने त्रास व्हायचा तर बहुतेक वेळा दोनचार दिवसांत होतो, मग माणूस लगेच म्हणतो की ट्रेकचं पाणी बाधलं. इथे ट्रेक होऊन नऊ दिवस झाले होते, मधे एक लग्न झालं होतं, मी लग्नातल्या जेवणालाच दोष देत होतो. सुरुवात झाली ढेकरांनी. सडक्या अंड्यासारखा वास येणारे ढेकर, इतके की घरात बोलायला तोंड उघडायची लाज वाटायची. मग पोट ढोलासारखं फुगायचं, दिवसातून पाच-सहा वेळा जावं लागायचं, पातळ, तेलकट, भयंकर घाणेरडा वास, ताप मात्र नाही, रक्त नाही. दोन दिवस बरं वाटायचं आणि परत सुरू. पहिल्यांदा अ‍ॅसिडिटीचं औषध झालं, मग साधं जुलाबाचं, ओआरएस चालूच. तीन आठवड्यांत माझं चार किलो वजन उतरलं. मित्राचा फोन आला तेव्हा तो सहज म्हणाला की बायकोला पण असेच घाण ढेकर येतायत, आणि त्या एका वाक्याने माझ्या डोक्यात उजेड पडला, कारण ते दोघं त्या लग्नाला नव्हतेच.

मग डॉक्टरांना ट्रेकचं सगळं सांगितलं, आणि हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, म्हशींच्या डोहासकट. त्यांनी स्टूल टेस्ट लिहून दिली. पहिला नमुना निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले असं होतं, ज्या परजीवीची शंका आहे त्याचे सिस्ट, म्हणजे कवचातले जंतू, रोज बाहेर पडत नाहीत, वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने द्या. तिसऱ्या नमुन्यात जिआर्डिया सापडला. मित्राच्या बायकोचा दुसऱ्याच नमुन्यात. औषध लागू पडलं, तीन-चार दिवसांत फरक पडला, फक्त दूध पुढे दीडेक महिना पचत नव्हतं, चहा घेतला तरी पोट गुडगुडायचं. आतड्याचं अस्तर दुखावलेलं असतं म्हणून काही जणांना असं होतं, हळूहळू जातं.

जिआर्डिया म्हणजे एकपेशीय परजीवी. हा नवा नाही बरं का, लेवेनहूक या डच शास्त्रज्ञाने १६८१ साली स्वतःच्याच शौचात सूक्ष्मदर्शकाखाली तो पाहिला होता. माणसाच्या आणि जनावराच्या विष्ठेतून तो सिस्ट म्हणजे टणक कवचाच्या रूपात बाहेर पडतो, थंड पाण्यात आठवडेच्या आठवडे जिवंत राहतो, आणि आजारी पाडायला फार लागत नाहीत, दहा सिस्टसुद्धा पुरतात. लक्षणं दिसायला साधारण १ ते ३ आठवडे. आमचं नववा ते चौदावा दिवस हे गणित त्यात बरोबर बसतं. आणि सगळ्यांनाच लक्षणं येतात असंही नाही, त्यामुळे चुलत भाऊ सुटला याचं फार नवल नाही.

इथपर्यंत आल्यावर मला खरा धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. जिआर्डियाचा सिस्ट साधारण १० मायक्रॉनचा असतो, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माझ्या फिल्टरची भोकं ०.१ मायक्रॉनची. म्हणजे शंभरपट फरक. हा प्राणी या फिल्टरमधून जाणं शक्यच नाही.

हे आकार डोक्यात नीट बसावेत म्हणून मी ट्रेकला नवीन येणाऱ्या मुलांना असं सांगतो. समजा एक बॅक्टेरिया नारळाएवढा केला. मग त्याच हिशोबाने जिआर्डिया होईल उभ्या बैलाएवढा. फिल्टरचं भोक होईल सुपारी जाईल एवढं. बैल जाणार नाही, नारळ जाणार नाही. आणि व्हायरस, म्हणजे कावीळवाला वगैरे, तो होतो हरभऱ्याएवढा, तो सुपारीच्या भोकातून आरामात निघून जातो. आता आपला पंचा किंवा सुती साडीची चौपदरी घडी, तिचं भोक साधारण २० मायक्रॉन, म्हणजे या हिशोबात बारा-तेरा फुटी दरवाजा, बैलच काय बैलगाडी जाईल.

पण म्हणून पंचाला नावं ठेवायची नाहीत. बांगलादेशात मतलब भागातल्या खेड्यांमध्ये बायकांना जुन्या सुती साडीची घडी करून पाणी गाळायला शिकवलं आणि कॉलरा ४८ टक्क्यांनी कमी झाला, २००३ साली ते प्रसिद्ध झालं. कारण कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून असतात आणि किडे साडीत अडकतात. आपल्याकडे नारू गेला त्यातही गाळण्याचा मोठा वाटा आहे. मामांचं गाव मराठवाड्यातलं, पायऱ्यांच्या विहिरीचं, त्यांनी लहानपणी पायातून काडीवर गुंडाळून नारू ओढून काढताना बघितलंय, रोज थोडा थोडा, तुटू न देता. नारूची अळी सायक्लॉप नावाच्या पाण्यातल्या ज्या बारीक किड्याच्या पोटात असते तो डोळ्याला दिसेल एवढा, त्यामुळे साध्या कपड्यानेही तो थांबतो. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. मामांचं उकळून पिणं हे त्या काळापासूनचं आहे हे मला या प्रकरणानंतर कळलं, आधी मी त्याला म्हातारपणाची काळजी समजायचो.

असो, तर मग बैल सुपारीच्या भोकातून गेला कसा. त्याचं उत्तर डिसेंबरात नव्हतं, त्याच्या आदल्या जानेवारीत होतं.

जानेवारीत मी उत्तराखंडात केदारकंठाला गेलो होतो. जुडा का तालाबच्या कॅम्पवर रात्री कडाक्याची थंडी, टेंटबाहेर ठेवलेलं पाणी सकाळी दगड. फिल्टर बॅगेच्या बाहेरच्या जाळीच्या खिशात होता, वापरून झालेला, आत पाणी असलेला. सकाळी हातात घेतला तर आत कडक, हलवला तर आवाज नाही. उन्हात ठेवला, तासाभरात वितळला, पाणी यायला लागलं, मी खुश. बाकी ट्रेक आणि नंतरचं वर्ष तो तसाच वापरला.

या फिल्टरच्या आत काय असतं ते माहीत असतं तर वापरला नसता. आत पोकळ धाग्यांची जुडी असते, अगदी शेवयांची जुडी मधे वाकवून डब्यात कोंबावी तशी, प्रत्येक शेवई आतून पोकळ आणि तिच्या भिंतीला ती ०.१ मायक्रॉनची भोकं. एकदा ओला झालेला फिल्टर कितीही झटकला तरी भिंतीत पाणी राहतंच. पाण्याचा बर्फ होताना तो साधारण ९ टक्के फुगतो आणि भिंत फाटते. बाहेरून काहीही दिसत नाही. पाणी येतं, उलट जास्त येतं. माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की एकदा वापरलेला फिल्टर गोठला तर फेकून द्या. माझं पत्रक खोक्यातच राहिलं होतं, प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

आणि हीच ती गोष्ट जी मला अजून छळते. रतनगडाच्या टाक्यावर फिल्टर चालवताना आम्ही चौघंही म्हणालो की वा, आज काय जोरात चाललाय. पूर्वी एक लिटरला दीड-दोन मिनिटं दाबत बसायला लागायचं, पिशवी फुटते की काय असं वाटायचं, आता पाऊण मिनिटात बाटली भरत होती आणि दाबायला जवळजवळ जोरच लागत नव्हता. मी निघायच्या आधी सिरिंजने बॅकवॉश केला होता, म्हणजे उलट्या बाजूने पाणी मारून आतली घाण काढली होती, वाटलं त्याचा परिणाम. पण बॅकवॉशने जुना फिल्टर फार तर नव्यासारखा चालतो, नव्यापेक्षा जोरात कधीच चालत नाही. वापरून जुना झालेला फिल्टर अचानक हलका आणि फास्ट झाला तर आत काहीतरी फाटलंय. माझ्या हातातला तो हलकेपणा हीच खूण होती आणि मी ती चार दिवस रोज अनुभवत होतो.

घरी आल्यावर, म्हणजे रिपोर्ट आल्यावर, दोन तपासण्या केल्या. पहिली फुंकायची. फिल्टर पाण्याने पूर्ण भिजवायचा आणि स्वच्छ पाण्याच्या बाजूने तोंड लावून जोरात फुंकायचं. धागे शाबूत असतील तर भोकांतलं पाणी हवेला अडवून धरतं, आपल्या छातीत तेवढा दाबच नसतो की ते पाणी ढकलून हवा पलीकडे जाईल, गाल दुखतात पण हवा जात नाही. कॉलेजच्या मुलांच्या बाटलीचं असंच झालं, भिंतीला फुंकल्यासारखं. माझ्यातून फुस्स करून हवा गेली, पलीकडचं टोक वाटीतल्या पाण्यात बुडवलं होतं, त्यातून बुडबुडे आले. (तुमच्या फिल्टरच्या कंपनीने वेगळी पद्धत दिली असेल तर तीच करा, सगळ्यांची रचना सारखी नसते.)

दुसरी तपासणी एचटूएस बाटलीची. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक गावाचं पाणी तपासायला वापरतात ती छोटी बाटली, आत औषध लावलेली पट्टी असते, खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावून घरातल्या उबेत ठेवायचं, २४ ते ४८ तासांत पाणी काळं झालं तर विष्ठेतून येणारे जंतू असण्याची दाट शक्यता, ते पाणी पिण्यालायक नाही. सिंहगडाच्या पायथ्याच्या एका ओढ्याचं कॅनभर पाणी आणलं. तीन बाटल्या भरल्या, एक कच्चं पाणी, एक मुलांच्या फिल्टरमधलं, एक माझ्या फिल्टरमधलं, झाकणावर मार्करने क, मु, मी असं लिहून फ्रिजच्या वर ठेवल्या कारण तिथे जरा गरम असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी क काळी झाली होती. मी पण काळी, शाईसारखी. मु होती तशीच, तिसऱ्या दिवशीही होती तशीच. ही बाटली जिआर्डिया दाखवत नाही, फक्त बॅक्टेरियाचा अंदाज देते, पण जिथून नारळ गेला त्या फटीतून पुढे काय काय जाऊ शकतं हे बघायला मला आणखी पुरावा नको होता.

फिल्टरची चूक एवढ्यावर संपते. पण माझं म्हणणं आहे की फिल्टर धडधाकट असता तरी आमची पद्धत आपल्या सह्याद्रीसाठी अपुरीच होती.

मी हे सगळं शिकलो ते परदेशी व्हिडिओ बघून. तिकडची दुर्गम डोंगराळ जागा म्हणजे मैलोन्मैल माणूस नाही, गाव नाही, तिथे मुख्य भीती बॅक्टेरिया आणि जिआर्डियासारख्यांची, म्हणून तिकडचे लोक नुसत्या ०.१ किंवा ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरवर भागवतात. आपला डोंगर तसा नाहीये. आपल्या डोंगरात वाड्या आहेत, गुरं आहेत, देवळं आहेत, यात्रा भरतात, शनिवार-रविवार गडावर शेकडो टेंट लागतात आणि तेवढ्या माणसांना सकाळी कुठेतरी बसावं लागतं, बहुतेक जण बसतात ते टाक्याच्या वरच्या उतारावर झाडीत, कारण आडोसा तिथेच असतो. म्हणजे आपल्या पाण्यात माणसाचा मैला येण्याची शक्यता खूप जास्त, आणि माणसाच्या मैल्यातून येतात व्हायरस, हिपॅटायटिस ए, हिपॅटायटिस ई, रोटा. हरभरेच सगळे. नुसता पोकळ धाग्यांचा फिल्टर त्यांना अडवत नाही. आणि कावीळ व्हायला महिना-दीड महिनासुद्धा लागतो, तेव्हा तर ट्रेक कोणाच्या लक्षातही नसतो.

मग क्लोरीन. क्लोरीन व्हायरस आणि बॅक्टेरिया चांगले मारतं, जिआर्डियाला जास्त वेळ लागतो आणि पाणी थंड असेल तर आणखी जास्त, म्हणून ताईंचं तासभर थांबणं बरोबर होतं. पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा आणखी एक परजीवी आहे, तो गुरांच्या वासरांत फार सापडतो, त्याचं कवच असं चिवट की पिण्याच्या पाण्यात टाकतो तेवढ्या क्लोरीनला तो दाद देत नाही. अमेरिकेत मिलवॉकी शहरात १९९३ साली तो नळाच्या पाण्यातून पसरला आणि चार लाखांच्या आसपास माणसं आजारी पडली, तेही क्लोरीन टाकलेलं पाणी पिऊन. त्याचा आकार ५ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे फिल्टरमध्ये तो हमखास अडकतो. बघा कसं आहे, जे फिल्टरला जमत नाही ते क्लोरीनला जमतं आणि जे क्लोरीनला जमत नाही ते फिल्टरला. म्हणून आपल्याकडे दोन्ही लागतं, आधी गाळायचं मग गोळी किंवा थेंब. उलट करायचं नाही, कारण गढूळ पाण्यात माती आणि कचराच क्लोरीन खाऊन टाकतो, जंतूंसाठी उरत नाही. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरलं, तुरटी आणि क्लोरीन वाढवून पाणी सोडलं, त्याने टायफॉइडसारख्या गोष्टी आवरल्या पण कावीळ आवरली नाही, २९ हजारांवर लोकांना झाली, पुढे तो हिपॅटायटिस ई होता असं ठरलं. एवढ्या मोठ्या शहराच्या यंत्रणेत जे निसटलं ते आपल्या एका लिटरच्या बाटलीतून निसटायला कितीसा वेळ लागतो.

उकळणं या सगळ्याला भारी आहे. बैल, नारळ, हरभरा, सगळे मरतात. खळखळून उकळी आली की एक मिनिट, २००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं. बरेच जण म्हणतात की उंचावर पाणी लवकर उकळतं म्हणजे नीट तापतच नाही. हरिश्चंद्रगड १४२४ मीटर, तिथे पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळतं, जंतू मरायला ते भरपूर आहे, सह्याद्रीत कळसूबाईच १६४६ मीटर म्हणजे आपल्याकडे कुठेही एक मिनिट पुरे. अडचण गॅसची. आमच्या बर्नरवर वाऱ्याला आडोसा केला तर लिटरला दहा-पंधरा ग्रॅम गॅस जातो, आठ माणसं चार दिवस म्हटलं तर सिलिंडरचं ओझं होतं. म्हणून आता आम्ही रात्रीचं पाणी आणि सकाळी निघतानाची पहिली बाटली उकळलेली ठेवतो, आणि दिवसा वाटेत फिल्टर अधिक गोळी.

पाणी कुठून घ्यायचं यात आम्ही सर्वात जास्त बदल केला, कारण फिल्टरपर्यंत घाण कमी पोचली तर सगळंच सोपं होतं. गडावर पोचलं की पहिल्यांदा गावातल्या माणसाला विचारायचं, "प्यायचं टाकं कुठलं?" त्यांना बरोबर माहीत असतं, एक प्यायचं असतं, एक भांडी-अंघोळीचं असतं, बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. ओढा असेल तर गुरं जिथे उतरतात त्याच्या वर जाऊन घ्यायचं, पाच मिनिटं चढायला लागलं तरी. कात्राबाईखालच्या त्या डोहाच्या वरही धार होती, शंभर पावलांवर, आम्ही कंटाळा केला. हिरवा तवंग आलेलं पाणी अजिबात घ्यायचं नाही, त्यातल्या काही शेवाळांचं विष ना फिल्टरने जातं ना उकळून. भातखाचरातून आलेलं पण नाही, फवारणीचं औषध असला पोकळ धाग्यांचा फिल्टर काढत नाही. आणि स्वतः बसायचं तर पाण्यापासून दोनशे फूट लांब, पाण्याच्या खालच्या अंगाला, वीतभर खड्डा करून, वर माती ओढून. हे मी आता ट्रेकच्या आधीच सगळ्यांना तोंडावर सांगतो, संकोच न करता.

पावसाळ्यातलं लाल पाणी ही वेगळीच डोकेदुखी आहे, फिल्टर दोन लिटरमध्ये चोंदतो. रात्री पातेल्यात तुरटी फिरवून झाकून ठेवायचं, सकाळी वरचं निवळलेलं पंचातून गाळून मग फिल्टरला द्यायचं. बास, एवढं पुरतं.

हाताळणी हा एक भाग राहिला आणि तो मला वाटतं सगळ्यात दुर्लक्षित आहे. कच्च्या पाण्याची पिशवी भरताना तिच्या आट्यांना ओघळ राहतो, तोच ओघळ फिल्टर फिरवताना खाली घरंगळून स्वच्छ बाटलीच्या तोंडावर पडतो. एका थेंबात किती मावतं हे आता तुम्हाला माहीत आहे. आमच्याकडे आता कच्च्या पाण्याच्या प्रत्येक पिशवीला आणि बाटलीला लाल दोरा बांधलेला असतो, लाल दोऱ्याला हात लावणारा माणूस एकच, तो त्या दिवशी स्वच्छ बाटल्यांना हात लावत नाही. गोळी टाकल्यावर झाकण थोडं सैल करून बाटली उलटी करायची, म्हणजे आट्यांमध्येही क्लोरीनचं पाणी जातं, मग घट्ट करून ठेवायची.

जुना फिल्टर मी हेक्सॉ ब्लेडने मधोमध कापला. धागे बाहेर काढले, पांढरे, मऊ, शेवयांसारखेच, टेबलावर पसरून टॉर्च मारून बघितले, भावाचं भिंग घेऊन बघितले. कुठेही फट दिसली नाही.

नवीन घेतला त्याच्या पिशवीवर पांढरी चिकटपट्टी लावली आहे. प्रत्येक ट्रेकच्या आदल्या रात्री भिजवून फुंकायचा आणि तारीख लिहायची, आणि टाक्यावर पहिली बाटली भरताना लागलेली मिनिटं पण त्याच पट्टीवर. या जानेवारीत परत हिमालयात गेलो तेव्हा फिल्टर दोन झिपच्या पिशव्यांत घालून रात्री स्लीपिंग बॅगेत पोटाशी घेऊन झोपलो, मोबाईल आणि बॅटऱ्या घेतो तसा. परत आल्यावर फुंकला. हवा गेली नाही. मुळशीच्या ओढ्यावर पहिली बाटली, एक मिनिट पन्नास सेकंद, तसं पट्टीवर लिहिलंय.